‘फोटोग्राफी’चा ठोका

लक्ष्मी रस्त्यावरची ही स्टुडिओची पाटी. ‘फोटोग्राफी’. आपण ती वाचतो अशी: फो, टो, ग्रा, फी. चारही अक्षरं भरघोस. मराठी कानाला हेच बरं वाटतं.

आता सदाशिव पेठेतला हा सातवीचा इंग्रजीचा वर्ग. बाई खडूनं टेबलावर ठोके देतायत. ‘फोटोग्राफ’ला तीन ठोके, पहिला जोरात. ‘फोटोग्राफी’ला चार, पण आता जोर दुसऱ्यावर: फ-टॉग-र-फी. ‘फोटोग्राफिक’ म्हटलं की तो आणखी सरकून ‘ग्रॅ’वर जातो. कवितेत लघु-गुरू आपण मोजतोच, पण तो वेळेचा हिशेब. हा जोराचा आहे. आणि ज्या अक्षराला जोर मिळत नाही, ते बहुधा आक्रसतं. ‘फोटोग्राफी’तला ‘फो’ बघा, नुसता ‘फ’ उरतो. इंग्रजी बातम्या ऐकताना शब्द निसटतात ना, त्यात या आक्रसलेल्या अक्षरांचा मोठा हात असतो.

“बाई, हे सगळं पाठ करायचं?”

नाही, शब्दाचं शेपूट बघायचं. शेवटी ‘इक’, ‘इटी’ किंवा ‘शन’ असेल, तर बहुतेक वेळा जोर त्याच्या लगेच आधीच्या अक्षरावर पडतो. ‘इलेक्ट्रिक’मध्ये ‘लेक’वर, ‘इलेक्ट्रिसिटी’त ‘ट्रि’वर. ‘एज्युकेशन’मध्ये ‘के’वर.

मग अर्थाचे तुकडे. ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, ‘ग्राफ’ म्हणजे लिहिणं, दोन्ही मूळ ग्रीक. पण ‘फ-टॉग-र-फी’ म्हणताना ‘ग्राफ’मधला ‘ग’ उठून ‘टॉ’ला जाऊन चिकटला. मुलं गोंधळतात. बाई फळ्यावर लिहितात: हिमालय. अर्थानं फोडला तर हिम आणि आलय. बोलताना मात्र हि-मा-लय. त्या ‘मा’मध्ये दोन शब्द एकमेकांत विरघळलेत. मला हा सगळ्या तासातला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो, कारण परक्या भाषेतली अडचण मुलांना स्वतःच्या तोंडात सापडली.

मधली सुट्टी होते. मागच्या बाकावरची मुलगी डबा उघडायच्या आधी त्याच्या झाकणावर बोटानं ठोके देत बसली आहे. रि, स्पॉन, सि, बि, लि, टी. पुन्हा एकदा. या खेपेला चौथा ठोका एवढा जोरात पडतो, की शेजारणीचा चमचा खाली पडतो.