चिखलातून फुप्फुसात

श्रोतेहो, नमस्कार. भातलावणी आटोपत आलेली असते आणि एखाद्या मधुमेही शेतकऱ्याला थंडी वाजून ताप भरतो, खोकला लागतो, एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसतो. मग थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नसतानाही टीबीच्या गोळ्या सुरू होतात. आपल्याकडे टीबी इतका आहे की डॉक्टरांना त्याबद्दल फारसा दोष देता येत नाही. पण ताप हटत नाही आणि सोनोग्राफीत यकृतात किंवा प्लीहेत गळवे दिसतात, तेव्हा मेलिऑयडोसिस या जिवाणूमुळे होणाऱ्या आजाराची आठवण व्हायला हवी.

मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहणारा या आजाराचा जिवाणू पायाच्या जखमेतून, तर कधी वादळी पावसात श्वासावाटे शरीरात शिरतो. १९११ साली रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या डॉक्टरांना तो प्रथम आढळला. आज मंगळूर-उडुपीच्या किनारपट्टीवर त्याचे रुग्ण नेहमी सापडतात. महाराष्ट्रातही त्याची नोंद झालेली आहे.

निदानाची खरी कसोटी प्रयोगशाळेत लागते. सूक्ष्मदर्शकाखाली या जिवाणूची दोन टोके गडद आणि मध्य फिकट, अगदी सेफ्टी पिनेसारखा दिसतो. रक्ताच्या किंवा थुंकीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, तो वाढतोही, पण बऱ्याचदा ‘स्यूडोमोनास’ (दुसराच एक जिवाणू) किंवा ‘बाहेरून मिसळलेला जंतू’ असा शेरा मारून तो बाजूला टाकला जातो. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या प्रतिजैविकांना दाद न देणारा जंतू को-अमॉक्सिक्लॅव्ह या प्रतिजैविकाला मात्र नमतो, असा विचित्र अहवाल आला, तर तंत्रज्ञाने डॉक्टरांना तत्काळ फोन करावा, असे मला वाटते.

उपचार दोन टप्प्यांत होतात. आधी किमान दोन आठवडे सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम हे प्रतिजैविक शिरेतून देतात. थायलंडमध्ये झालेल्या आणि १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेफ्टाझिडिममुळे गंभीर रुग्णांमधील मृत्यूंचे प्रमाण ७४ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले. योग्य औषध चालू असतानाही ताप उतरायला आठ-दहा दिवस लागू शकतात, म्हणून चौथ्या दिवशीच घाबरून औषध बदलू नये. दुसऱ्या टप्प्यात को-ट्रायमॉक्सॅझोल या प्रतिजैविकाच्या गोळ्या किमान तीन महिने घ्याव्या लागतात. महिन्याभरात रुग्णाला बरे वाटू लागते, तो शेतावर जाऊ लागतो आणि गोळ्या मध्येच सुटतात. आजार उलटतो तो बहुधा यामुळेच. या काळात अंगावर पुरळ उठले तरी गोळ्या परस्पर बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि रक्तातील क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचे काम कळते) व पोटॅशियमची तपासणी अधूनमधून करून घ्यावी.