पाळण्यावरची पाटी

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर 'करमणुकीच्या पाळण्यांवरील अपघात आणि निष्काळजीपणाची कायदेशीर जबाबदारी' असं छापलंय. एवढं वाचूनही आपण आलात, म्हणजे सभागृहात पंखे चालू आहेत ही बातमी बाहेर फुटलेली दिसते.

माझा राग एका पाटीवर आहे. कुठल्याही जत्रेत जा, आकाशपाळण्याच्या तिकीटखिडकीवर ती असतेच. 'पाळण्यात स्वतःच्या जबाबदारीवर बसावे. अपघात झाल्यास मालक जबाबदार नाही.' ती रंगवणाऱ्याला जेवढी मजुरी मिळाली तेवढीच तिची किंमत, असं माझं मत आहे. तरी ती आपलं काम चोख करते, कारण ती कोर्टासाठी लिहिलेलीच नसते. पोराचा हात मोडलेला बाप वकिलाकडे येतो तोच म्हणत, "साहेब, पाटी तर होती हो." पाटीचं काम तिथंच झालेलं असतं.

या पाटीची बाजू घेणारे वकील एका अमेरिकन निकालाचा दाखला देतात, त्यामुळे जरा तिकडे जाऊ. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर स्टीपलचेस नावाची बाग होती. टिल्यू नावाच्या गृहस्थांनी ती १८९७ मध्ये काढली. १९०७ मध्ये ती जळाली, तर दुसऱ्या दिवशी यांनी पाटी लावली: 'जळते अवशेष पाहायला १० सेंट.' पाट्यांचा धंदा पुण्यातच सुरू झाला असं समजणाऱ्यांनी हे लिहून घ्यावं!

तर त्या बागेत 'फ्लॉपर' नावाचा खेळ होता. उताराच्या बाजूनं वर सरकणारा पट्टा, दोन्हीकडे गाद्या लावलेल्या भिंती. त्यावर उभं राहायचं, बसायचं, आणि बहुतेकांनी धपकन पडायचं. लोक पैसे देऊन पडायला यायचे, वर्षाला अडीच लाख! एकदा मर्फी नावाचा धडधाकट तरुण मित्रांबरोबर आला. पुढे एक तरुणी, मागे हा. हिसका बसला आणि सगळेच कोसळले. याची गुडघ्याची वाटी फुटली. ती तरुणी पुढे त्याची बायको झाली. निकालात हे नोंदवलेलं आहे, म्हणजे वाटी गेली तरी प्रकरण अगदीच वाया गेलं नाही. हसा, हसा. गुडघेदुखीवाले हसत नाहीयेत, ते मला इथून दिसतंय.

खालच्या कोर्टात मर्फी जिंकला. १९२९ मध्ये प्रकरण राज्यातल्या सर्वांत वरच्या कोर्टात गेलं. मुख्य न्यायाधीश कार्डोझो. ते म्हणाले, पट्टा नादुरुस्त होता याला पुरेसा पुरावा नाही, आणि हिसका बसला असला तरी पडण्याचाच तर खेळ होता. वर एक वाक्य टाकलं: भित्र्यांनी घरी बसावं. झालं! गेली नव्वदेक वर्षं जगभरचे पाळणामालक आणि विमा कंपन्या हे वाक्य घोळवताहेत.

त्याच निकालातला पुढचा भाग मात्र कुणी वाचून दाखवत नाही. कार्डोझो म्हणतात, धोके लपलेले असते, किंवा इतके गंभीर असते की ते टाळायची काही तजवीज केलेलीच असणार असं माणसानं धरून चालावं, तर हा खटला वेगळा झाला असता. शिवाय त्यांनी मर्फीचा दावा फेटाळून संपवला नाही, फेरसुनावणीचा हुकूम दिला. अर्धं वाक्य उचलायची ही सवय आपल्याकडे कीर्तनकारांनाही आहे, पण ते नुकसानभरपाई तरी बुडवत नाहीत.

माझा मुद्दा यातूनच निघतो. पाळण्यात बसणारा कशाला तयार झालेला असतो? पोटात गोळा यायला, चक्कर यायला, शेजाऱ्याच्या अंगावर भेळ सांडायला. निखळलेल्या पिनेला तो तयार झालेला नसतो. ती पिन त्याला दिसतच नाही, दिसते ती पाळणेवाल्याला. मग...

चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. बरं, आता पळतो.

पहिलं, पिन कशी निखळली हे जखमीनं कसं सिद्ध करायचं? त्याला दिल्लीचा घंटाघर-खटला पाहा, महापालिका विरुद्ध सुभागवंती, सर्वोच्च न्यायालय, १९६६. चांदणी चौकातला मनोरा कोसळून माणसं मेली. मनोरा ८० वर्षांचा, त्याच्या बांधकामातल्या चुन्याचं आयुष्य ४०-४५ वर्षं. मनोरा आपोआप पडला, हाच निष्काळजीपणाचा पुरावा धरला गेला. दोष आतून होता, दिसला नाही, हा बचाव चालला नाही, कारण वेळोवेळी तपासणी करणं हे मालकाचं काम. तो खटला रस्त्यालगतच्या इमारतीचा होता, पण पैसे घेऊन माणूस ज्यात बसवता त्याला सवलत का द्यावी, हे मला कुणी समजावून सांगावं.

दुसरं, दोष नोकराच्या डोक्यावर मारता येतो का? इंग्लंडमध्ये आल्टन टॉवर्स या करमणूक बागेतल्या 'स्मायलर' नावाच्या रोलरकोस्टरवर २ जून २०१५ रोजी भरलेली गाडी रुळावर अडकलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. दोघींचे पाय कापावे लागले. यंत्रणेनं गाडी थांबवली होती, तंत्रज्ञांनी ती चूक समजून पुढे सोडली. कंपनीनं गुन्हा कबूल केला, आणि ५० लाख पौंडांचा दंड कंपनीलाच झाला.

तिसरं, पाटी. इंग्लंडमध्ये आधी १९७७ च्या आणि ग्राहकांच्या बाबतीत आता २०१५ च्या कायद्यानं व्यवसायाला निष्काळजीपणातून झालेल्या मृत्यूची आणि इजेची जबाबदारी पाटी लावून झटकता येत नाही. आपल्याकडे इतकं थेट कलम नाही. लोकहिताविरुद्धचे करार रद्द ठरवणारं करार कायद्याचं कलम २३ आणि ग्राहक कायदा यांवर भांडावं लागतं.

कांकरियाच्या पाळणा-अपघाताचं सविस्तर सांगणार होतो. अहमदाबाद, १४ जुलै २०१९, पाळणा तुटून दोघं दगावले. ते राहिलं. यात्रा कमिटीचं आणि परवाना देणाऱ्यांचं उत्तरदायित्वही राहिलं, आणि खरं भांडण तिथंच आहे.

शेवटचं, कामाचं. तिकीट फेकू नका, ग्राहक असल्याचा तो पुरावा. ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षं. फौजदारी वेगळी: १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत निष्काळजीपणानं मृत्यू कलम १०६, इजा कलम १२५. आणि अपघात झाला की पाळण्याचे फोटो आधी काढा. दुसऱ्या दिवशी तो सुट्टा करून ट्रकमध्ये भरलेला असतो, आणि पुढच्या जत्रेत नवीन रंग लावून उभा राहतो.

आयोजक उठून उभे राहिलेत, तेव्हा प्रश्न बाहेर चहाजवळ घेऊ.