तीन तुकडे आणि वर एवढासा : वर्गात पाय (π) शिकताना

(दृश्य : टेबल, वरून)

टेबलावर काय काय मांडलंय बघा. डब्यांची झाकणं, चिकटपट्टीचं रिकामं रीळ, बादली, सायकलचं चाक, कात्र्या, दोरा. मागचा फळा कोरा आहे आणि तो मुद्दाम कोरा ठेवलाय, सूत्र आज सगळ्यात शेवटी येणार, आधी हात चालणार.

(दृश्य : हात, क्लोजअप)

झाकणाच्या कडेनं दोरा एकदा फिरवायचा, टोकाला टोक भिडलं की कापायचा. झाला परीघ. आता व्यास, पण झाकणाचा मध्य कुणालाच माहीत नाही, मग ही मुलगी काय करतेय बघा, दोऱ्याचं एक टोक कडेवर दाबून धरलंय आणि दुसरं टोक समोरच्या कडेवरून हळूहळू सरकवतेय, जिथे दोरा सगळ्यात लांब भरला तिथे थांबली. तोच व्यास. कुणी सांगितलं नव्हतं तिला. आता परिघाच्या दोऱ्यातून व्यासाएवढे तुकडे कापायचे. एक, दोन, तीन... आणि हा वर एवढासा उरला.

बादलीला करा, रिळाला करा, तेच. तीन तुकडे आणि वर थोडं. परिघात व्यास जितक्या वेळा बसतो तो हा आकडा, म्हणजेच पाय.

बहुतेक ठिकाणी इथेच 'बरोबर, तीन पूर्णांक चौदा' म्हणून विषय संपवतात, आणि खरी गंमत तर त्या उरलेल्या तुकड्यात आहे.

(दृश्य : सायकलचं चाक)

हे चाक साठ सेंटिमीटर व्यासाचं. उरलेला तुकडा यायला हवा साधारण साडेआठ सेंटिमीटर. तोच तुकडा व्यासावर पुन्हा पुन्हा ठेवत, खुणा करत जायचं. पाच, सहा, सात, आणि व्यास जवळजवळ संपला, जेमतेम अर्धा सेंटिमीटर राहिला. म्हणजे तो तुकडा व्यासाच्या एक सप्तमांशाहून किंचित कमी! तीन आणि एक सप्तमांश, म्हणजे बावीस छेद सात, जो आकडा पुस्तकात आयता मिळतो तो इथे दोऱ्यातून निघाला, आणि तो पायपेक्षा थोडा मोठा आहे हेही दिसलं. आर्किमिडीजनं ९६ बाजूंची बहुभुजाकृती घेऊन हेच सिद्ध केलं होतं, पाय २२/७ पेक्षा कमी आणि २२३/७१ पेक्षा जास्त. आर्यभटानं तर २०००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२८३२ सांगितला, म्हणजे ३.१४१६.

आता मागच्या गटाचा सातवा तुकडा चाकाच्या बाहेर गेलाय, तेही दिसतंय तुम्हाला. कापताना एक मिलिमीटर चुकला की सात वेळा ठेवल्यावर सात मिलिमीटर होतात, त्यामुळे ते वैतागलेत आणि परत दोरा गुंडाळतायत. वैतागू द्या, मोजणं म्हणजे काय ते असंच कळतं.

(दृश्य : कागदाचं वर्तुळ कापताना)

हे पटकन बघू. वर्तुळाच्या सोळा पाकळ्या कापल्या, एक वर एक खाली अशा चिकटवल्या, जवळपास आयतासारखं काहीतरी तयार झालं. उंची त्रिज्येएवढी, लांबी अर्ध्या परिघाएवढी. क्षेत्रफळ निघालं.

(दृश्य : रंगीत कागदी साखळी)

इथे प्रत्येक अंकाला एक रंग दिलाय. दशांश चिन्हानंतर १, ४, १, ५, ९ असं करत ज्याच्या रंगाचा अंक येईल त्यानं कडी जोडायची. पांढरा कागद घेतलेला मुलगा मात्र केव्हाचा नुसता बसून आहे, कारण त्याच्याकडे शून्य आहे आणि पायमध्ये पहिला शून्य येतो थेट ३२व्या दशांश स्थानी. आला एकदाचा! ऐका हा आरडाओरडा. अंक घडाघड पाठ म्हणायच्या स्पर्धेत हे होत नाही, आमचं तरी असं मत आहे.

(दृश्य : जमिनीवर रेघा, काड्या उडताना)

आणि ही सगळ्यांची आवडती. काडीच्या लांबीएवढ्या अंतरावर समांतर रेघा मारल्या, आता काड्या कशाही फेकायच्या. १०० फेकल्या तर साधारण ६४ रेघेला शिवतात. फेकलेल्यांची दुप्पट करा, शिवलेल्यांनी भागा, पायच्या आसपास येतं. बुफॉन नावाच्या फ्रेंच माणसाचा हा प्रश्न, १७७७ मध्ये छापलेला. वर्तुळ कुठेच नाही आणि पाय आला कुठून, असं तो पोरगा विचारतोय बघा. एकेका गटाचं उत्तर कधी २.९, कधी ३.३ येतं, म्हणून सगळ्या वर्गाची बेरीज करायची.

(दृश्य : फळा)

मग सूत्र लिहिलं गेलं, पुढच्या तासाला उदाहरणंही सोडवून झाली.

तुम्ही करणार असाल तर कात्र्या जास्त आणा, आणि दोरा नायलॉनचा नको, ताणला जातो आणि तीन तुकड्यांनंतर उरलेल्याचा पार घोळ होतो.