ओठ आधी, आवाज मागून

नमस्कार श्रोतेहो.

ताशावर काडी पडताना दिसते. आवाज येतो तोवर ताशेवाल्याचा हात पुन्हा वर गेलेला असतो. नवरदेव घोड्यावरून उतरतो, आणि तो उतरल्यावर घोड्याच्या टापा वाजतात. जुनी कॅसेट किंवा मोबाइलमधला व्हिडिओ डीव्हीडीवर उतरवून घेतलेल्या किती घरांत असलं लग्न बघायला मिळालं असेल, कोण जाणे!

आता डीव्हीडी कोण बघतं, असं तरुण श्रोते म्हणतील. तर आमच्या आत्या बघतात. गावाकडच्या टीव्हीखाली त्यांचा प्लेअर आहे, रिमोटवरचं एक हिरवं बटण त्यांना पाठ आहे, आणि लिंक पाठवली तर त्या म्हणतात, "ते तुझं तू बघ, मला तबकडी आण." त्यामुळे गेली काही वर्षं संध्याकाळी मी हेच करत बसतो. धंदा नाही, नाद आहे. नातेवाइकांनी मात्र त्याचा धंदा केलाय, फुकटचा.

कुणाचा फोन आला की वाक्य ठरलेलं असतं: "आवाज बिघडलाय." म्हणजे डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" म्हणावं, तसं. मी विचारतो, आवाज मुळीच नाही, की आहे पण मागेपुढे? मागेपुढे असेल तर पहिल्या मिनिटाला जेवढा मागे, तेवढाच शेवटच्या मिनिटालाही मागे आहे, की वाढत गेलाय? एवढं उत्तर नीट मिळालं, तर निम्मं काम तिथंच होतं.

आधी मुक्या तबकडीचं बघू. डीव्हीडी व्हिडिओचे नियम ठरले १९९०च्या दशकात. त्यात आवाजाचे मोजकेच प्रकार चालतात: डॉल्बीचा एसी-३, एमपी२, साधा पीसीएम, आणि जोडीला डीटीएस. आपल्या मोबाइलचा व्हिडिओ मात्र बहुतेक वेळा एएसी आवाज घेऊन येतो, आणि तो या यादीत नाही. घाईघाईत बनवलेल्या तबकडीत आवाजाचं रूपांतर झालंच नाही, तर कॉम्प्युटरवर व्हीएलसी या व्हिडिओ वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं खणखणीत वाजतं, कारण व्हीएलसी काहीही पचवतो. दिवाणखान्यातला प्लेअर तेवढा उदार नसतो. तो चित्र दाखवतो आणि गप्प बसतो. नुसत्या डीटीएस आवाजाच्या तबकडीचंही तेच, कारण डीटीएस वाजवण्याची सक्ती प्लेअरवर नाही.

म्हणून मूळ फाइल मीडियाइन्फोमध्ये उघडून आवाजाचा प्रकार आणि सॅम्पलिंगचा आकडा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतलेत ते, आधी वाचावा. फुकट मिळतं हे सॉफ्टवेअर. डीव्हीडीला ४८ किलोहर्ट्झ लागतं, ऑडिओ सीडी ४४.१वर चालते. एखाद्या सॉफ्टवेअरनं ४४.१चा आवाज न बदलता ४८ म्हणून खपवला, तर तो जवळजवळ नऊ टक्के जलद वाजतो. तासाभराचं कीर्तन पंचावन्न मिनिटांत आटोपतं आणि बुवांचा आवाज पोरासोरासारखा होतो. ओळखायला हे सगळ्यात सोपं, कान लगेच सांगतो.

जाता जाता एक. आवाज चांगला हवा म्हणून काहीजण पीसीएम निवडतात. दोन चॅनेलचा पीसीएम तासाला सुमारे ६९० एमबी खातो. तबकडी ४.७ जीबीची. जागा चित्राच्या वाट्यातून जाते. एसी-३ १९२ किलोबिटवर ठेवला तर तासाला ८६ एमबी लागतात, आणि मंगलाष्टकांना तेवढं पुरे होतं.

खरा छळवाद मागेपुढे होणाऱ्या आवाजाचा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच मागे असेल तर तो सरळ माणूस समजा. तबकडी बनवणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आवाजाला उशीर देण्याची सोय असते, तिथं मिलिसेकंदांत आकडा टाकायचा, आवाज मागे असेल तर उणे. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे एक चित्र ४० मिलिसेकंदांचं. टाळी, ताशाची काडी, नारळ फुटण्याचा क्षण, असं एखादं धारदार ठिकाण शोधा आणि चित्रं मोजा. थोडासा उशीर कान माफ करतो. कार्यालयात स्टेजपासून सतरा मीटरवर बसलेल्या पाहुण्याला गुरुजींचा मूळ आवाज पन्नास मिलिसेकंद उशिराच पोचतो, आणि त्याला ते जाणवतही नाही. पण आवाज ओठांच्या आधी आला की माणूस लगेच अस्वस्थ होतो. निसर्गात असं कधी घडतच नाही ना.

हळूहळू वाढत जाणारी फारकत मात्र वेगळ्या जातीची. तिचे दोन उगम मला सारखे भेटतात. व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना मशीन दमलं की मधली काही चित्रं गळतात. आवाज पूर्ण, चित्रं कमी. २५ चित्रं गळाली की चित्र एक सेकंद पुढे पळालं. ही फारकत पायऱ्यापायऱ्यांनी वाढते, म्हणून शेवटी ताणून दुरुस्त होत नाही. कॅसेट पुन्हा घ्या, दुसरे सगळे प्रोग्रॅम बंद ठेवून. दुसरा उगम मोबाइल. अंधाऱ्या हॉलमध्ये फोन सेकंदाला तीसऐवजी कमी चित्रं घेतो, उजेडात परत तीसवर येतो. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरनं सरसकट तीस धरली की संपलं. अशी फाइल आधी हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये स्थिर फ्रेम रेटवर, म्हणजे सेकंदाला ठरावीक चित्रांवर, करून घ्यावी, डीव्हीडीचं नंतर बघावं.

फारकत अगदी समान वेगानं वाढत असेल, तर ऑडासिटी या आवाज दुरुस्त करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो, म्हणजे वाजण्याचा वेग, बदलून ती मिटते. तासाच्या शेवटी आवाज दोन सेकंद मागे असेल, तर टेम्पो सुमारे ०.०५६ टक्क्यांनी वाढवायचा. मात्र सुरुवातीचा फरक आधी शून्य करून घ्या, नाहीतर गणित चुकतं. मी दोनदा चुकलोय.

आणि आता आत्यांची गोष्ट. २००३ सालचं लग्न, छोट्या डिजिटल कॅसेटवर घेतलेलं. मी तबकडी केली, माझ्या हेडफोनवर ऐकली, झकास. आत्यांचा फोन: "वरात वाजते, पंगतीतला गोंगाट ऐकू येतो, पण मंगलाष्टकांच्या वेळी गुरुजी विहिरीच्या तळातून बोलतात." दोन दिवस मी तबकडीवर, प्लेअरवर, वायरींवर संशय घेत होतो. मग ऑडासिटीमध्ये तो तुकडा मोठा करून बघितला. डाव्या चॅनेलची लाट जिथं वर, तिथं उजव्याची बरोबर खाली, जणू आरशातली. लग्नात कॅमेऱ्याला मंडपाच्या माइक-स्पीकरच्या मिक्सरमधून वायर दिली होती, तेवढ्याच विधीपुरती. मिक्सरची ती वायर एकच आवाज सुलटा आणि उलटा अशा दोन तारांतून पाठवते. कॅमेऱ्यानं त्याला डावा आणि उजवा समजून घेतलं. हेडफोनवर दोन कानांत दोन वेगळे आवाज, त्यामुळे मला काहीसं पोकळ वाटलं खरं, पण चाललं. आत्यांचा टीव्ही जुना, दोन्ही आवाज एकत्र करून एकाच स्पीकरमधून देणारा. सुलट्यात उलटा मिसळला आणि दोघांनी एकमेकांना खाऊन टाकलं.

उपाय मिनिटाचा. स्टिरिओ ट्रॅक वेगळा केला, तेवढ्या भागात उजवा पुसला, डावा दोन्हीकडे ठेवला. या वेळी थेट तबकडी जाळली नाही. आधी फोल्डर व्हीएलसीमध्ये लावला, मग पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू तबकडीवर घेतलं आणि शेजाऱ्यांच्या जुन्या टीव्हीवर वाजवून बघितलं.

पुढच्या रविवारी आत्यांनी फोन टीव्हीपुढे धरला. गुरुजींचं "सावधान" स्वच्छ ऐकू आलं, पाठोपाठ ताशे लागले. मग आत्यांचा आवाज: "सगळं छान आहे रे. पण यात तू कुठंच कसा नाहीस?"

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, आत्या. पहिल्या पंगतीत जागा धरून बसलो होतो.