तीन मोजायला चारचौघं लागतात

[काळा पडदा. आधी नुसता गर्दीचा आवाज. मग बारच्या भिंतीवरचे टीव्ही दिसतात.]

49 डॉलर 99 सेंट. अमेरिकेत एईडब्ल्यू या रेसलिंग कंपनीचा एक मोठा शो घरी बसून बघायचा तर साधारण एवढे पैसे मोजावे लागतात, ते पण एका रात्रीचे, आणि पुढचा शो आला की परत तेवढेच. नेटचं बिल वेगळं, केबल असेल तर तिचं वेगळं आणि हे त्याच्यावर. याला म्हणतात पे-पर-व्ह्यू. आपल्याकडे ज्यांनी शाळेत असताना डब्ल्यूडब्ल्यूएफची, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईची, ट्रम्प कार्ड्स जमवली आणि नंतर टेन स्पोर्ट्सवर रेसलिंग बघितलं त्यांना ही भानगडच माहीत नव्हती, मोठे शोसुद्धा केबलवाल्याच्या महिन्याच्या पैशातच दिसायचे. त्यामुळे पुण्या-नाशिकहून शिकायला किंवा नोकरीला इकडे आलेली पोरं पहिल्यांदा तो आकडा बघतात तेव्हा त्यांना वाटतं हा वर्षाचा रेट असेल. नाही, एका रात्रीचा. मग ऑफिसमधलं कुणीतरी सांगतं, अरे घरी कशाला घेतोस, बारमध्ये ये ना, तिथे लावतात.

तर बारमध्ये स्वस्त पडतं म्हणून लोक जातात, हे खरंच आहे आणि त्यात काही वाईट नाही. विंग्जची एक प्लेट, एक-दोन बिअर, कुठे दारात थोडा कव्हर चार्ज, वर टिप, एवढं धरूनही बऱ्याचदा घरच्यापेक्षा कमीच होतं. पण मी हा व्हिडिओ करतोय तो पैशासाठी नाही. माझं म्हणणं असं आहे की रेसलिंग ही घरी एकट्याने बघायची गोष्टच नाहीये, ती तशी बनलेलीच नाही, आणि ज्यांनी आयुष्यभर ती मोबाईलवर हेडफोन लावून बघितली त्यांनी अर्धीच बघितली.

[जुन्या पोस्टरचे फोटो.]

जरा मागे जाऊ. 24 नोव्हेंबर 1983, थँक्सगिव्हिंगची रात्र, नॉर्थ कॅरोलायनामधलं ग्रीन्सबरो कोलिसियम. स्टारकेड नावाचा शो, रिक फ्लेअर विरुद्ध हार्ली रेस, लोखंडी पिंजऱ्यात. ज्यांना ग्रीन्सबरोला जाता आलं नाही ते घरी टीव्हीसमोर बसले नव्हते, कारण घरी तो दिसतच नव्हता. ते आपापल्या गावात तिकीट काढून हॉलमध्ये गेले आणि मोठ्या पडद्यावर बघून आले. याला क्लोज्ड सर्किट म्हणायचे. 31 मार्च 1985 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचा सगळ्यात मोठा शो, रेसलमेनिया, पहिल्यांदा झाला तो पण मुख्यतः असाच दाखवला, देशभरात शंभराहून जास्त ठिकाणी. पिट्सबर्गच्या सिव्हिक अरीनामध्ये मध्येच प्रक्षेपण बंद पडलं तर लोक एवढे चिडले की हातात असेल ते पडद्याकडे फेकायला लागले, आणि नंतर तो शो तिथल्या स्थानिक चॅनेलवर दाखवावा लागला. विचार करा, समोर रिंग नाही, पैलवान नाहीत, नुसता पडदा आहे, तरी हजारो लोक एकत्र बसून एवढे पेटलेले.

म्हणजे एकत्र बसून बघणं हेच आधीचं आहे, घरी बघणं नंतर आलं. त्याच 1985 च्या नोव्हेंबरमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने पे-पर-व्ह्यू सुरू केलं आणि हळूहळू हॉल बंद पडले. तेव्हाची केबल ॲनालॉग होती, ज्यांनी पैसे भरले नाहीत त्यांच्या टीव्हीवर चित्र वेडंवाकडं, पट्ट्या पट्ट्यांचं यायचं, पण बऱ्याच ठिकाणी आवाज मात्र नीट यायचा. इकडच्या चाळीशी-पन्नाशीतल्या कुठल्याही फॅनशी बोला, तो सांगेल की आम्ही तसंच बघायचो, म्हणजे ऐकायचो, कॉमेंटेटर ओरडतोय, गर्दी ओरडतेय आणि समोर हिरव्या-जांभळ्या रेघा. नाहीतर मग चार-पाच मित्र कॉन्ट्री काढून एकाच्या घरी. आणि ज्यांना हक्काचं घर नव्हतं, खोलीत आवाज करता येत नव्हता, ते बारमध्ये.

[बारमालकाच्या काउंटरमागचं दृश्य.]

आता बारवाल्याच्या बाजूने पण बघू, कारण लोकांना वाटतं की तो घरच्यासारखं एक बटण दाबतो आणि शंभर जणांना दाखवतो. तसं नाहीये. धंद्याच्या जागेत दाखवायचं तर वेगळं कमर्शियल लायसन्स लागतं, आणि त्याचा दर बऱ्याचदा जागेच्या क्षमतेवर ठरतो, म्हणजे दारापाशी फायर डिपार्टमेंटची पाटी असते ना, या खोलीत जास्तीत जास्त अमुक माणसं, तो आकडा. गर्दी आली काय, नाही आली काय, पैसे त्या पाटीप्रमाणे आधीच भरायचे. पेन्सिल्व्हेनियातली जो हँड प्रमोशन्स ही कंपनी 1971 पासून या धंद्यात आहे, बॉक्सिंगपासून सुरुवात केली आणि आज मारामारीच्या खेळांचे शो बारपर्यंत पोचवणाऱ्यांत तिचं नाव मोठं. आणि घरचं कनेक्शन बारमध्ये लावलं तर सापडायची भीती असते. अशा शोच्या रात्री तपासनीस साध्या गिऱ्हाईकासारखा येऊन बसतो, काहीतरी मागवतो, टीव्ही किती, कुठल्या भिंतीवर, माणसं किती, सगळं लिहून घेतो, आणि मग नोटीस येते. अमेरिकन कायद्यात एका वेळच्या चोरीला 1 हजार ते 10 हजार डॉलर भरपाई लिहिलेली आहे, आणि फायद्यासाठी मुद्दाम केलंय असं ठरलं तर वर 1 लाखापर्यंत. लहान बार त्यात बुडू शकतो. म्हणून जो बारवाला रीतसर पैसे भरून रेसलिंग लावतो त्याच्याकडे गेलं की मी तरी एक प्लेट जास्तच मागवतो, त्याने आपल्यासाठी धोका पत्करलेला असतो.

आणि त्याचं दुसरं दुखणं म्हणजे आवाज. टीव्ही पंधरा असतील पण स्पीकर एकच. रेसलिंगचे मोठे शो वर्षानुवर्षं रविवारी रात्री असायचे, पूर्वेकडच्या वेळेने आठला, आणि सप्टेंबरपासून पुढे नेमकी तेव्हाच संडे नाइट फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची मॅच. फुटबॉलवाले जास्त, त्यामुळे आवाज त्यांचा. मग रेसलिंगवाले कोपऱ्यातल्या एका टीव्हीखाली माना वर करून मुकं रेसलिंग बघत बसायचे. आणि रेसलिंगमध्ये आवाज गेला की काय राहिलं? एंट्रीचं म्युझिक सुरू झालं की पहिल्या दोन सुरांतच कळतं कोण येतंय, निम्मी मजा तर त्या दोन सेकंदांत असते. आता काही ठिकाणी मागची खोली वेगळी देतात, वेगळ्या स्पीकरसकट. अशी जागा सापडली की लोक सोडत नाहीत.

[3 मार्च 2024. न्यू जर्सीतला एक बार, मागची खोली.]

हा दिवस मात्र नीट सांगायचाय. एईडब्ल्यूचा रिव्होल्यूशन नावाचा शो, परत तेच ग्रीन्सबरो कोलिसियम, आणि स्टिंगची शेवटची मॅच. स्टिंग म्हणजे चेहरा रंगवणारा, काळा कोट, हातात बॅट, तो. वय 64. याच ग्रीन्सबरोत 1988 मध्ये तो रिक फ्लेअरशी 45 मिनिटं लढला, बरोबरीत सुटला आणि एका रात्रीत मोठा झाला. आता तिथेच संपवणार. खोली भरलेली, बसायला जागा नाही, तोंड रंगवून आलेले बापलेक, माझ्या शेजारी एक ट्रकवाला, त्याच्यापलीकडे सोलापूरचा एक पोरगा जो त्या दिवशी पहिल्यांदाच बारमध्ये रेसलिंग बघत होता.

स्टिंगची एंट्री झाली तेव्हा आधी त्याची दोन मुलं आली, बापाच्या जुन्या अवतारांत, एकाचे सोनेरी केस आणि भडक रंग, दुसरा लाल-काळ्यात. खोलीतल्या मोठ्या माणसांचे चेहरे बघायला हवे होते. ट्रकवाला काही बोलला नाही, त्याने नुसती टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. मग मॅच सुरू झाली. त्याचा जोडीदार डार्बी ॲलिन, तो उंच शिडीवर चढला, खाली खुर्च्यांवर काच ठेवलेली आणि त्याने वरून उडी टाकली. समोरचा बाजूला झाला. काच फुटली आणि डार्बीची पाठ रक्ताने भरली. खोलीत आधी सगळ्यांचा एकदम श्वास आत गेला, तो आवाज मला अजून आठवतो, मग आरडाओरडा, आणि ज्या वेट्रेसला रेसलिंगशी काही घेणंदेणं नव्हतं ती हातात ट्रे घेऊन तिथेच थांबली आणि विचारायला लागली, तो ठीक आहे ना?

नंतर स्टिंग एकटा पडला, समोर यंग बक्स ही जोडी, दोघे. पाडतायत, दाबतायत, रेफरी मोजतोय, तीनपर्यंत खांदे मॅटवर राहिले की हरला. आणि इथे बारमध्ये काय होतं बघा. रेफरीचा हात मॅटवर पडतो तेव्हा अख्खी खोली मोजते, वन, टू, आणि टूच्या पुढे सगळ्यांचा आवाज फुटतो कारण त्याने खांदा उचललेला असतो. अनोळखी माणसं एकमेकांचे दंड धरतात. घरी एकटं असताना तुम्ही मोजत नाही हो. कधी मोजलंय? घरी माणूस मोबाईल बघतो, मध्येच चहा टाकायला उठतो. इथे शेवटी स्टिंगने स्कॉर्पियन डेथलॉक हा पाय पिळायचा डाव लावला, समोरच्याने हार मानली आणि खोलीतले लोक असे उड्या मारायला लागले की टेबलावरचे ग्लास धरून ठेवावे लागले. सोलापूरचा पोरगा मला म्हणाला, दादा, हे असं असतं हे माहीतच नव्हतं, मी बारा वर्षं एकटाच बघतोय.

आता कुणीतरी म्हणणारच, सगळं ठरवलेलं असतं रे, कोण जिंकणार ते आधीच माहीत असतं, त्यात एवढं काय. ठरवलेलं असतं, बरोबर. नाटक पण लिहिलेलंच असतं, तरी हाऊसफुल्ल प्रयोगाला बसणं आणि तेच मोबाईलवर बघणं यातला फरक मराठी माणसाला मी सांगायला नको. आणि रेसलिंगमध्ये तर प्रेक्षक समोरचा खेळ बदलतात. 2002 चा रेसलमेनिया, टोरोंटोचं स्कायडोम, रॉक विरुद्ध हल्क होगन. होगन तेव्हा व्हिलन होता, हील म्हणतात त्यांच्या भाषेत, पण लोकांनी पहिल्या मिनिटापासून होगनलाच डोक्यावर घेतलं आणि रॉकला बू केलं. दोघांनी तिथल्या तिथे ओळखलं आणि मॅच त्या हिशोबाने फिरवली. लोकांनी फिरवली म्हणा ना.

याच्या उलटं बघायचं असेल तर 2020 बघा. 4 आणि 5 एप्रिलचा रेसलमेनिया, कोविड, ओरलँडोमधलं ट्रेनिंग सेंटर, एकही प्रेक्षक नाही. तेच पैलवान, तीच मेहनत, पण माणूस मॅटवर आपटल्याचा आवाज पोकळ यायचा आणि पुढे शांतता. नंतर ऑगस्टपासून डब्ल्यूडब्ल्यूईने रिंगभोवती स्क्रीनच्या भिंती उभ्या केल्या आणि घरोघरी बसलेल्या फॅन्सचे चेहरे त्यावर दाखवले. एवढा खर्च कशाला केला असेल? गर्दीशिवाय हे उभंच राहत नाही हे कंपनीलाही दिसत होतंच की.

[जुने रिमोट, मग मोबाईलची स्क्रीन.]

मधल्या काळात बारचे दिवस जरा वाईट गेले, ते थोडक्यात सांगतो. 2014 च्या फेब्रुवारीत डब्ल्यूडब्ल्यूई नेटवर्क आलं, म्हणजे नेटवरून सगळे शो दाखवणारी त्यांची सेवा, महिन्याला 9 डॉलर 99 सेंट. त्याआधी साधा मासिक शो 45 डॉलरचा आणि रेसलमेनिया 60 चा. एवढ्या स्वस्तात घरी मिळाल्यावर बारमध्ये कोण जाणार? बरं, ते सबस्क्रिप्शन घरगुती वापराचं, बारमध्ये लावायची परवानगी नाही. त्याच वर्षी 6 एप्रिलला न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रॉक लेस्नरने अंडरटेकरला हरवलं, रेसलमेनियातले 21 विजय आणि मग ही पहिली हार, पडद्यावर 21-1 आलं आणि स्टेडियममधले लोक तोंड उघडं टाकून बसलेले. मी तो घरी बघितला. माझ्या खोलीत ओरडायला दुसरं कुणीच नव्हतं, मी उठून उगाच किचनमध्ये जाऊन आलो. 2021 मध्ये ते नेटवर्क अमेरिकेत पीकॉक या स्ट्रीमिंग ॲपवर गेलं, आणखी स्वस्त झालं.

बार परत थोडे भरायला लागले ते एईडब्ल्यूमुळे. 2019 मध्ये लास व्हेगासला त्यांचा पहिला शो झाला आणि त्यांनी जुनाच पे-पर-व्ह्यूचा मार्ग धरला, वर्षातून मोजके शो पण प्रत्येकाचे वेगळे पैसे. लोक परत बार शोधायला लागले, काही शो तर सिनेमा थिएटरमध्ये पण लागले, म्हणजे 1983 सारखंच झालं. आणि आता डब्ल्यूडब्ल्यूईचं पण बदललंय. सप्टेंबर 2025 पासून अमेरिकेत त्यांचे मोठे शो ईएसपीएनच्या ॲपवर गेलेत, महिन्याला 29 डॉलर 99 सेंट. भारतात एप्रिल 2025 पासून नेटफ्लिक्सवर दिसतं, पण तिकडे लाइव्ह म्हणजे बऱ्याचदा पहाट, त्या वेळी कुठला बार उघडा असणार. भारतातल्या मित्रांना माझं एकच सांगणं आहे, दोघं-तिघं का होईना एका घरी जमा, चहा करा, मोबाईल बाजूला ठेवा आणि मोठ्याने मोजा.

आणि तुम्ही इकडे असाल, पहिल्यांदाच बारमध्ये जाणार असाल, तर आदल्या दिवशी फोन करा. शो लावणार का एवढंच विचारू नका. आवाज कुठल्या खोलीत चालू असणार ते विचारा, कव्हर किती ते विचारा, आणि शो सुरू व्हायच्या तासभर आधी पोचा, कारण स्पीकरजवळची टेबलं सगळ्यात आधी जातात.