वाट पाहायचे दिवस, सणाचे दिवस

[दृश्य: हिरव्या डहाळ्यांचं गोल चक्र, त्यात चार मेणबत्त्या. एकच पेटलेली.]

नाताळ २५ डिसेंबरला सुरू होतो. बहुतेक घरांत मात्र तो त्याच दिवशी संपतो. रोषणाई, कॅरल, खरेदी, भेटीगाठी हे सगळं महिनाभर आधीपासून चालू असतं आणि २६ तारखेला घर थकून बसलेलं असतं. "यंदाही प्रभूच्या जन्मावर मन लागलंच नाही," ही खंत अनेक भाविकांना दरवर्षी छळते. याचं खापर बाजारावर फोडलं जातं. आमच्या मते घोटाळा आधी वेळापत्रकात आहे. वाट पाहायच्या दिवसांतच सण साजरा होऊन जातो.

मंडळीने, म्हणजे चर्चने, या वाट पाहण्याला वेगळा काळ ठरवून दिला आहे, तो म्हणजे आगमनकाळ. पाश्चिमात्य परंपरेत तो ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी सुरू होतो. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दिवसांत कधीही येतो. त्यामुळे आगमनकाळ कधी २२ दिवसांचा असतो, कधी २८ दिवसांचा. अनेक ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत नाताळाआधी ४० दिवसांचा उपास असतो.

[दृश्य: उघडं पवित्र शास्त्र, लूककृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय.]

सुरुवात वाचनाने करावी. लूककृत शुभवर्तमानाचे अध्याय २४ आहेत, म्हणून १ डिसेंबरपासून रोज एक अध्याय वाचण्याची पद्धत लोकप्रिय आहे. पद्धत चांगली आहे, पण पहिल्याच दिवशी गाठ पडते ती ८० वचनांच्या लांबलचक अध्यायाशी. पुढे प्रभूचा जन्म दुसऱ्या दिवशीच वाचून होतो आणि २४ तारखेला आपण पुनरुत्थानापाशी पोचलेले असतो. वाट पाहण्यासाठी ही मांडणी सोयीची नाही.

त्याऐवजी दहा लहान उतारे घ्यावेत आणि प्रत्येक उतारा लागोपाठ दोन दिवस वाचावा. आधी संदेष्टे: यशया ९:२–७, यशया ११:१–१०, यशया ४०:१–११ आणि मीखा ५:२–५. मग मत्तयातली वंशावळ, १:१–१७. त्यानंतर लूकच्या पहिल्या अध्यायाचे चार तुकडे: जखऱ्याला झालेलं दर्शन ५ ते २५, मरीयेला मिळालेला निरोप २६ ते ३८, अलीशिबेची भेट ३९ ते ५६ आणि योहानाचा जन्म ५७ ते ८०. शेवटी योसेफाचं स्वप्न, मत्तय १:१८–२५. हे २० दिवसांत होतं. आगमनकाळ सर्वांत लहान असला तरी दोन दिवस हाताशी उरतात. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन उतारे उरकू नयेत. चुकलेला सोडून द्यावा आणि त्या दिवसाचा वाचावा. थकबाकी फेडायच्या नादात प्रार्थनेचं काम होऊन बसतं आणि तिसऱ्या आठवड्यात सगळंच सुटतं.

दोनदा कशासाठी? ओळखीची कथा पहिल्या दिवशी नुसती नजरेखालून जाते. दुसऱ्या दिवशी बारकावे जाणवतात. वंशावळ बरेच जण वगळतात, पण तिथेच तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको येतात. परक्या कुळातल्या, ज्यांच्याबद्दल लोक कुजबुजले असतील अशा स्त्रिया मत्तयाने मुद्दाम प्रभूच्या पूर्वजांत नोंदवल्या आहेत. मुलं सोबत असतील तर त्यांना एकच प्रश्न विचारावा: इथे घाबरलं कोण? जखऱ्या, मरीया, योसेफ आणि पुढे मेंढपाळ, या सगळ्यांना देवदूत सांगतो की भिऊ नका. मुलं हे पटकन हेरतात आणि मग स्वतःची भीतीही बोलून दाखवतात. तिथून प्रार्थना आपोआप सुरू होते.

[दृश्य: डहाळ्यांवर पाणी शिंपडणारा हात.]

वाचनाला जागा आणि खूण हवी. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखेर्न हे धर्मगुरू गरीब मुलांचं वसतिगृह चालवत होते. नाताळ किती दिवसांवर आला, हे मुलांना कळावं म्हणून त्यांनी एका चाकावर मेणबत्त्या लावल्या: रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या लहान लाल. आजचं चार मेणबत्त्यांचं चक्र तिथून आलं. अनेक मंडळ्यांत तीन मेणबत्त्या जांभळ्या असतात आणि तिसऱ्या रविवारची, आनंदाची, गुलाबी.

घरी चक्र करताना पहिली मेणबत्ती उंच आणि जाड घ्या. रोज १५ मिनिटं लावली तर ती पूर्ण आगमनकाळात सात तासांपर्यंत जळते, तर चौथी फार तर पावणेदोन तास. चारही सारख्या घेतल्या की पहिली मध्येच संपते आणि तिची ज्योत डहाळ्यांपर्यंत उतरते. डहाळ्या ज्योतीपासून दूर आणि बऱ्याच खाली राहतील असं पाहा. त्यांवर रोज पाणी शिंपडा, पानं हाताला कोरडी लागली की बदला. खोलीत कुणी नसेल तेव्हा मेणबत्ती विझलेलीच हवी. फोन मात्र दुसऱ्या खोलीत ठेवावा. वाचनासाठी तोच उघडला की मध्येच निरोप येतो आणि पंधरा मिनिटं तिथेच जातात.

गव्हाणीचा देखावाही टप्प्याटप्प्याने मांडता येतो. आधी रिकामी गव्हाण, मग गुरं आणि मेंढपाळ. बाळ २४ तारखेच्या रात्री ठेवावं, लूक २:१–७ मोठ्याने वाचून. जन्माचं वर्णन इथे एका वचनात आटोपतं: बाळंत्याने गुंडाळलं, गव्हाणीत ठेवलं, उतारशाळेत जागा नव्हती. वाचून झाल्यावर दोन मिनिटं कुणी काही बोलू नये. मागी लोकांच्या, म्हणजे पूर्वेकडून बाळाच्या दर्शनाला आलेल्या ज्ञानी पुरुषांच्या, मूर्ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रोज थोड्या पुढे सरकवाव्यात.

[दृश्य: गायकवर्गाचा सराव.]

सर्वांत जास्त ओढाताण होते ती मंडळीत सेवा करणाऱ्यांची. गायकवर्ग, संडे स्कूलचे शिक्षक, सजावट करणारे, पाळक स्वतः. उपासना चालू असताना त्यांचं मन पुढच्या गाण्यावर किंवा माइकवर असतं. आमचं त्यांना आग्रहाचं सांगणं आहे की आगमनकाळात निदान एका उपासनेला कोणतीही जबाबदारी न घेता जाऊन बसा. सराव सुरू करण्याआधी त्या गीतामागचा शास्त्रभाग एकाने वाचावा, दोन मिनिटं पुरतात. २४ तारखेच्या कार्यक्रमाचे बदल २२ तारखेनंतर स्वीकारू नयेत. शेवटच्या क्षणीचे बदल गाणं सुधारत नाहीत, फक्त माणसं एकमेकांवर चिडतात.

देण्याचंही तसंच. गरजूंसाठी द्यायची रक्कम पहिल्या आठवड्यातच ठरवून बाजूला काढावी. भेटवस्तूंच्या खरेदीनंतर जे उरेल ते देऊ म्हटलं, तर फारसं उरत नाही.

ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं आहे, तिथे आनंदाची सक्ती करू नये. काही मंडळ्या अशा लोकांसाठी २१ डिसेंबरच्या सुमारास शांत उपासना ठेवतात. तशी सोय नसेल तर गेलेल्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करावी आणि एक मेणबत्ती लावावी. हेरोद राजाच्या भीतीने रातोरात पळालेलं कुटुंब आणि बेथलेहेममधल्या मातांचा आक्रोशही याच कथेत आहे.

[दृश्य: खोलीत अर्ध्या वाटेवर आलेले मागी.]

आणि मग सण. पाश्चिमात्य परंपरेत नाताळ २५ डिसेंबरपासून ५ जानेवारीपर्यंत १२ दिवस चालतो. नातेवाइकांच्या भेटी, शुभेच्छांचे फोन, मित्रांचं जेवण यांतलं जमेल तितकं या दिवसांवर ढकलावं, म्हणजे आगमनकाळ मोकळा होतो. २६ला पहिला रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी प्राण देणारा) स्तेफन, प्रेषितांची कृत्ये ६ आणि ७. २८ला मत्तय २:१३–१८, हेरोदाने मारलेली बालकं. १ जानेवारीला लूक २:२१, आठव्या दिवशी बाळाचं नाव येशू ठेवलं. ६ जानेवारीला मत्तय २:१–१२ वाचावं आणि मागी लोकांना गव्हाणीपाशी आणावं. देखावा तोवर उचलू नये.