कल्ल्याशी येणारे धातू

श्रोतेहो, नमस्कार. बाजारात रोहू किंवा मरळ घेताना आपण कल्ला उचलून तो लाल आहे ना, हे पाहून घेतो. पाण्यातल्या जड धातूंचा पहिला मारा याच कल्ल्यावर होतो. इथे माशाचे रक्त आणि बाहेरचे पाणी यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही हजारांश जाडीचा पडदा असतो, आणि प्राणवायूबरोबर सोडियम, कॅल्शियमही मासा इथूनच ओढून घेतो. तांबे सोडियमची वाट अडवते, कॅडमियम कॅल्शियमची. जस्त फार झाले तर कल्ल्यांवर बुळबुळीत स्रावाचा थर साचून मासा भरल्या पाण्यात गुदमरतो.

आता मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घ्या. तळ्यातले शेवाळ मारण्यासाठी तो सर्रास टाकला जातो. पण जी मात्रा देशावरच्या काळ्या खडकातल्या जड पाण्यात मासे सोसतात, तीच कोकणातल्या जांभ्याच्या मऊ, किंचित आम्ल पाण्यात त्यांच्या जिवावर बेतू शकते, कारण जड पाण्यातले कॅल्शियम कल्ल्यावरच्या जागा आधीच धरून बसते आणि तांब्याला तिथे चिकटू देत नाही. म्हणून शेजारच्या जिल्ह्यातले प्रमाण विचारून मोरचूद टाकू नये, आधी आपले पाणी तपासावे.

मेलेले मासे तरंगले की बातमी होते. ते बहुधा प्राणवायू संपल्याने मेलेले असतात; धातू मात्र पुष्कळदा माशाला जिवंत ठेवूनच काम करतो. लिटरला काही मायक्रोग्रॅम इतक्या अल्प तांब्यानेही माशाचे घ्राणेंद्रिय मंदावते, आणि मग शत्रू जवळ असूनही त्याचा वास न आल्याने तो पळत नाही. शिसे रक्तातले हिमोग्लोबिन तयार होण्यातच खोडा घालते.

पाऱ्याची गोष्ट निराळी आहे. तळाच्या गाळातले जिवाणू त्याचे मिथिल पारा या सेंद्रिय संयुगात रूपांतर करतात. तो किड्यांतून लहान माशांत आणि तिथून मरळीसारख्या शिकारी माशात चढत जातो, आणि प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढते. कॅडमियम मुख्यतः यकृतात आणि मूत्रपिंडात साठत असल्यामुळे मासा साफ करताना त्यातले बरेचसे आतड्यांबरोबर टाकले जाते. पारा मात्र मांसातल्या प्रथिनांना धरून बसतो. कातडी सोलून, मीठ-हळद लावून, कडकडीत तळूनही तो तुकडीतून निघत नाही.